विश्लेषण : टेम्सच्या ‘गटारगंगे’तून लंडनला बाहेर काढणारे जोसेफ बॅझलजेट कोण होते?

लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरहून ब्लॅकफ्रायर्सकडे टेम्स नदीच्या काठाने निघाले, की रुंद रस्ता, झाडांची रांग, बाग आणि भक्कम दगडी कठडा लागतो. या रस्त्याच्या पोटातून भुयारी रेल्वे धावते आणि शेजारून मैलापाण्याची अजस्र वाहिनी जाते. १८६० पूर्वी या जागी नदीचा दुर्गंधी सुटलेला चिखल होता. हा कायापालट ज्यांच्या आराखड्यांनुसार झाला, ते अभियंते म्हणजे सर जोसेफ बॅझलजेट. लंडनची गटारे बांधणारा माणूस अशी त्यांची ओळख आहे. पण नदी, किनारा, पूल, रस्ते आणि होड्या एकाच मंडळाच्या हाती आल्या तर काय साधते, आणि ते मंडळ मतदारांना थेट बांधील नसेल तर काय बिघडते, हेही त्यांच्या कारकीर्दीतून दिसते.

बॅझलजेट यांचा सुरुवातीचा प्रवास कसा होता?

जोसेफ बॅझलजेट यांचा जन्म २८ मार्च १८१९ रोजी लंडनच्या उत्तरेकडील एनफिल्ड येथे झाला. त्यांचे आजोबा फ्रान्समधून इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झाले होते, तर वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. तरुणपणी त्यांनी सर जॉन मॅकनील या अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी केली. आयर्लंडमध्ये पाणथळ जमिनीचा निचरा करणे आणि पाण्याखालची जमीन वापरात आणणे अशा कामांचा अनुभव त्यांना इथे मिळाला. पुढे तोच त्यांच्या कारकीर्दीचा पाया ठरला.

१८४२ मध्ये त्यांनी वेस्टमिन्स्टर भागात स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. तो काळ इंग्लंडमध्ये रेल्वेच्या वेडाचा होता. दररोज नव्या मार्गाचा प्रस्ताव निघत होता आणि नकाशे वेळेत संसदेपुढे जावेत म्हणून अभियंते रात्रंदिवस राबत होते. या धबडग्यात बॅझलजेट यांची प्रकृती १८४७ मध्ये पूर्ण ढासळली आणि त्यांना काम थांबवावे लागले. विश्रांतीनंतर १८४९ मध्ये त्यांनी लंडनच्या गटार आयोगात साहाय्यक सर्वेक्षकाची नोकरी धरली. वरिष्ठ अभियंते फ्रँक फॉर्स्टर यांचे १८५२ मध्ये निधन झाले आणि आयोगाच्या अभियंतापदाची जबाबदारी बॅझलजेट यांच्यावर आली.

टेम्स इतकी घाण कशी झाली?

लंडनची लोकसंख्या १८०१ मध्ये सुमारे १० लाख होती, ती १८५१ पर्यंत २३ लाखांवर गेली. पूर्वी घरांखाली शोषखड्डे असत. ते भरले की उपसले जात आणि तो मैला खत म्हणून शेतांवर जाई. शहरातली गटारे मुख्यत्वे पावसाच्या पाण्यासाठी होती. पुढे पाण्याच्या टाकीचे शौचालय घरोघर आले आणि खड्डे तुडुंब वाहू लागले.

यावर १८४८ मध्ये नेमलेल्या गटार आयोगाने उपाय केला तो असा, की खड्डे बुजवायचे आणि घरांचे सांडपाणी थेट गटारांना जोडायचे. काही वर्षांत जवळपास दोन लाख खड्डे बंद झाले. घरे स्वच्छ झाली, पण सगळा मैला टेम्समध्ये जाऊ लागला. त्यात टेम्सला समुद्राची भरती-ओहोटी आहे. ओहोटीबरोबर खाली गेलेली घाण पुढच्या भरतीला पुन्हा शहरात येई. सखल भागातल्या गटारांची तोंडे भरतीच्या वेळी बंद राहत आणि मैला तळघरांत तुंबे. अनेक कुटुंबांचे पिण्याचे पाणी याच नदीतून येत होते.

बंगालमधून जगभर पसरलेला कॉलरा, म्हणजेच पटकी, १८३१ मध्ये इंग्लंडमध्ये पोहोचला होता. १८४८-४९ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये १४ हजारांहून अधिक माणसे दगावली. १८५३-५४ मध्ये आणखी १० हजारांवर बळी गेले. हा रोग पाण्यातून पसरतो, असे डॉक्टर जॉन स्नो यांनी सोहो भागातल्या एका हातपंपाभोवतीच्या मृत्यूंचा मागोवा घेऊन दाखवले. तरीही बहुतेक अधिकारी आणि डॉक्टर रोगाचे मूळ दूषित हवेत आहे, असेच मानत होते. बॅझलजेटही याच समजुतीच्या काळात वाढले होते. त्यांच्या योजनेने रोगाला अटकाव झाला, पण योजनेमागचा हेतू दुर्गंधी घालवणे हाच होता.

तेव्हा लंडनचा कारभार कोणाकडे होता?

खरा पेच इथेच होता. लंडन नावाचे महानगर होते, पण त्याचा कारभार पाहणारी एक संस्था नव्हती. जुन्या सिटी भागाची स्वतंत्र महापालिका होती. बाकीचे शहर चर्चच्या जुन्या हद्दींवर आधारलेल्या स्थानिक समित्यांमध्ये विभागलेले होते. त्यांना व्हेस्ट्री म्हणत. फरसबंदी, दिवाबत्ती, सफाई यांसाठी जवळपास ३०० लहानमोठ्या संस्था शेकडो कायद्यांखाली काम करत. एका रस्त्याची दोन टोके दोन संस्थांकडे असत. गटार आयोगालाही स्थैर्य नव्हते. सात-आठ वर्षांत एकामागून एक सहा आयोग आले आणि वादांमध्येच संपले. नाले मात्र कुठल्याच हद्दी पाळत नव्हते.

अखेर १८५५ च्या कायद्याने ‘मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स’ हे महानगरासाठीचे पहिले मंडळ अस्तित्वात आले. सिटी महापालिका आणि व्हेस्ट्री यांनी त्यावर आपापले प्रतिनिधी पाठवायचे होते. सामान्य करदात्याला बोर्डाचा सदस्य थेट निवडता येणार नव्हता. १८५६ मध्ये बॅझलजेट या बोर्डाचे मुख्य अभियंता झाले आणि बोर्ड बरखास्त होईपर्यंत, म्हणजे ३३ वर्षे, त्या पदावर राहिले.

आराखडा तयार असूनही काम का रखडले?

नदीला समांतर मोठ्या वाहिन्या टाकून लहान गटारांचे पाणी वाटेतच अडवायचे आणि शहराच्या पूर्वेला दूर नेऊन सोडायचे, ही कल्पना नवी नव्हती. अनेकांनी ती मांडली होती. बॅझलजेट यांनी तिला मोजमाप, उतार, खर्च आणि बांधकामाचा तपशील दिला.

पण कायद्यात मेख होती. मोठ्या खर्चाच्या कामासाठी बोर्डाला सरकारची मंजुरी लागत असे. सांडपाणी महानगरात किंवा त्याच्या आसपास नदीत जाता कामा नये, अशी अटही होती. सार्वजनिक बांधकाम पाहणारे मंत्री सर बेंजामिन हॉल यांनी सांडपाणी सोडण्याच्या जागेवर आक्षेप घेतला. ती जागा आणखी खाली न्यायची तर खर्च वाढणार होता, आणि वाढीव पैसे करदात्यांनी द्यायचे की सरकारने, यावर एकमत होईना. आराखडे मागे गेले, तज्ज्ञांच्या समित्या बसल्या, अहवालांवर अहवाल आले. दोन वर्षे अशीच गेली.

१८५८ च्या उन्हाळ्यात काय घडले?

त्या वर्षी जूनमध्ये लंडनमध्ये कडक उन्हाळा पडला. नदीची पातळी खाली गेली आणि काठावरचा मैला उन्हात तापला. या दुर्गंधीची नोंद इतिहासात ‘ग्रेट स्टिंक’ म्हणून झाली. संसदेची नवी इमारत ऐन नदीकाठी होती. खिडक्यांचे पडदे चुनामिश्रित क्लोराइडमध्ये भिजवूनही सदस्यांना आत बसवेना. गरीब वस्त्यांनी वर्षानुवर्षे सोसलेला त्रास आता कायदे करणाऱ्यांच्या नाकापर्यंत पोहोचला होता.

तेव्हाचे अर्थमंत्री बेंजामिन डिझरेली यांनी जुलैच्या मध्यावर विधेयक मांडले आणि १८ दिवसांत त्याचा कायदा झाला. बोर्डाला सरकारी हमीवर ३० लाख पौंड कर्ज उभारण्याची मुभा मिळाली. ते फेडण्यासाठी मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर पौंडामागे तीन पेन्स असा कर ४० वर्षे घ्यायचा होता. महत्त्वाचे म्हणजे आराखड्यावरचा सरकारचा नकाराधिकार गेला. आराखडा बहुतांशी जुनाच होता. त्याला अधिकार आणि पैसा मिळाला तो मात्र या कायद्याने.

बॅझलजेट यांची योजना नेमकी काय होती?

नदीच्या उत्तरेला तीन आणि दक्षिणेला दोन पातळ्यांवर मुख्य वाहिन्या टाकण्यात आल्या. त्यांची लांबी सुमारे १३० किलोमीटर होती. रस्त्यांखालची सुमारे १,८०० किलोमीटरची गटारे त्यांना जोडली गेली. शक्य तिथे पाणी आपल्या उताराने वाहावे, यासाठी मैलामागे साधारण दोन फूट उतार धरला होता. सखल भागातले पाणी उचलण्यासाठी डेप्टफर्ड, क्रॉसनेस, ॲबी मिल्स आणि चेल्सी येथे वाफेच्या इंजिनांवर चालणारी पंपिंग केंद्रे उभारली.

वाहिन्यांचा छेद बहुतेक ठिकाणी अंड्यासारखा, खाली निमुळता ठेवला. त्यामुळे पाणी कमी असतानाही प्रवाहाला वेग राहतो आणि गाळ साचत नाही. कामाला ३१ कोटींहून अधिक विटा लागल्या. पोर्टलँड सिमेंट तेव्हा बांधकामात नवखे होते आणि त्याच्या दर्जाची खात्री नसे. बॅझलजेट यांचे सहकारी जॉन ग्रँट यांनी प्रत्येक मालाची ताकद तपासण्याची पद्धत बसवली. चाचणीत न टिकलेला माल परत जाई. आकारमान ठरवताना तेव्हाच्या लोकसंख्येपेक्षा बरीच मोठी लोकसंख्या गृहीत धरली होती.

शहराच्या पूर्वेला उत्तर काठावर बेक्टन आणि दक्षिण काठावर क्रॉसनेस इथे मोठे साठवण हौद होते. भरतीच्या काळात सांडपाणी हौदात थांबवायचे आणि ओहोटी लागली की सोडायचे, म्हणजे ते समुद्राकडे निघून जाईल, असा हिशेब होता. क्रॉसनेसच्या केंद्राचे उद्घाटन एप्रिल १८६५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते झाले. संपूर्ण योजना १८७५ च्या सुमारास पूर्ण झाली.

कॉलरा थांबला का?

१८६६ मध्ये लंडनमध्ये पुन्हा कॉलरा आला आणि साडेपाच हजारांहून अधिक बळी गेले. पण यातले बहुतांश मृत्यू शहराच्या पूर्व भागात झाले. तिथे नव्या योजनेचे काम अपुरे होते आणि पाणीपुरवठा करणाऱ्या खासगी कंपनीचे पाणी दूषित झाले होते. जिथे वाहिन्या सुरू झाल्या होत्या, तो भाग बराचसा बचावला. कॉलरा पाण्यातून पसरतो, या मताला त्यामुळे बळ मिळाले. लंडनमधली कॉलऱ्याची ती शेवटची मोठी साथ ठरली.

नदीकाठच्या रस्त्याची कल्पना कशी आली?

उत्तरेकडची सर्वांत खालची वाहिनी नदीच्या कडेने न्यायची होती. ती गजबजलेल्या स्ट्रँड रस्त्याखालून न्यायची तर दुकाने, वाहतूक सारेच ठप्प झाले असते. म्हणून नदीपात्रात भिंत घालून मागची जागा भरून काढायची आणि वाहिनी तिथून न्यायची, असे ठरले. त्याच जागेत वायू आणि पाण्याच्या नळांसाठी भुयार, भुयारी रेल्वेचा मार्ग आणि वर रस्ता असे सगळे बसवण्यात आले. एकदाच खोदून चार कामे उरकली.

व्हिक्टोरिया एम्बँकमेंट जुलै १८७० मध्ये खुला झाला. त्याआधी १८६९ मध्ये समोरच्या काठावर अल्बर्ट एम्बँकमेंट आणि पुढे १८७४ मध्ये चेल्सी एम्बँकमेंट पूर्ण झाला. तिन्ही मिळून सुमारे ५२ एकर जमीन नदीतून मिळाली. व्हिक्टोरिया एम्बँकमेंटचा खर्च मुख्यत्वे लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावरच्या आणि मद्यावरच्या जकातीतून भागवण्यात आला. म्हणजे गरिबाच्या चुलीतल्या कोळशानेही त्याला हातभार लावला.

नव्या जमिनीवरून वादही झाला. पात्राच्या काही भागावर राजसत्तेचा हक्क होता. तिथे सरकारी कचेऱ्या बांधाव्यात, असा पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारचा विचार होता. लोकांच्या पैशातून मिळालेली जमीन लोकांनाच खुली राहावी, असा आग्रह वेस्टमिन्स्टरचे खासदार डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी धरला. शेवटी तिथे सार्वजनिक बाग झाली.

मग सगळी घाण गेली कुठे?

योजनेचा सर्वांत मोठा दोष इथे होता. सांडपाण्यावर कोणतीही प्रक्रिया होत नव्हती. ते फक्त बोर्डाच्या हद्दीबाहेर, खालच्या अंगाला जात होते. बार्किंगच्या रहिवाशांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीसच तक्रारी सुरू केल्या. पण बोर्डावर त्यांचा प्रतिनिधी नव्हता. नदीच्या पात्राचा आणि जहाजवाहतुकीचा कारभार १८५७ पासून ‘टेम्स कॉन्झर्व्हन्सी’ या वेगळ्या संस्थेकडे होता. सांडपाण्यामुळे पात्रात गाळाच्या राशी साचतात, असे तिचे म्हणणे होते. बोर्डाने ते सतत नाकारले आणि बॅझलजेटही आपल्या योजनेच्या बाजूने उभे राहिले.

३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी सहलीहून परतणारी ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी बोट याच टापूत कोळशाच्या ‘बायवेल कॅसल’ जहाजावर आदळली आणि काही मिनिटांत बुडाली. ६०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधी सुमारे तासाभरापूर्वी हौदांमधले सांडपाणी नदीत सोडलेले होते. पाण्यात पडलेल्यांची त्या घाणीत काय अवस्था झाली असेल, या प्रश्नाने शहर हादरले.

पुढे नेमलेल्या शाही आयोगाने १८८४ मध्ये कच्चे सांडपाणी नदीत सोडण्याची पद्धत चुकीची ठरवली. त्यानंतर रसायने वापरून गाळ वेगळा करण्याची व्यवस्था झाली आणि १८८७ पासून तो गाळ जहाजांनी खोल समुद्रात नेऊन टाकला जाऊ लागला. या कामासाठी घेतलेल्या पहिल्या जहाजाचे नाव ‘बॅझलजेट’ होते. समुद्रात गाळ टाकणे थांबले ते थेट १९९८ मध्ये. शहरातली घाण नदीच्या मुखाकडे गेली, तिथून समुद्रात गेली. प्रत्येक टप्प्यावर ती पुढच्या हद्दीवर ढकलली गेली.

पूल आणि होड्यांशी त्यांचा काय संबंध?

टेम्सवरचे अनेक पूल खासगी कंपन्यांचे होते आणि ओलांडायला टोल पडे. १८७७ च्या कायद्याने बोर्डाने ते विकत घेतले आणि पुढच्या काही वर्षांत टोलमुक्त केले. मग प्रत्येक पुलाचे पाये आणि लोखंड तपासण्याची जबाबदारी बॅझलजेट यांच्यावर आली. काही पूल दुरुस्त झाले, काही नव्याने बांधावे लागले. पटनी (१८८६), हॅमरस्मिथ (१८८७) आणि बॅटरसी (१८९०) हे आजचे पूल त्यांच्या आराखड्यांनुसार उभे राहिले. यातला हॅमरस्मिथचा झुलता पूल सर्वांत देखणा मानला जातो.

पश्चिमेकडच्या लोकांना टोलमुक्त पूल मिळाले, ते सगळ्या लंडनच्या करातून. तेव्हा पूर्वेकडच्या वूलिच भागातून सवाल आला, की कर आम्हीही भरतो, मग आम्हाला काय? तिथे जहाजांच्या वर्दळीमुळे पूल बांधणे अवघड होते. त्यामुळे बोर्डाने १८८५ मध्ये मोफत फेरीबोटीसाठी कायद्याने परवानगी मिळवली. वूलिचची ही फेरी आजही मोफत आहे.

बोर्ड बरखास्त का झाले?

१८८० च्या दशकात बोर्डाच्या जमिनींच्या व्यवहारांतला भ्रष्टाचार उघड झाला. नव्या रस्त्यांलगतचे मोक्याचे भूखंड भाडेपट्ट्याने देताना काही अधिकारी पैसे घेत असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. १८८८ मधल्या शाही आयोगाच्या चौकशीत हे आरोप बऱ्याच अंशी खरे ठरले. बॅझलजेट यांच्यावर ठपका आला नाही. पण मतदाराने थेट न निवडलेले आणि तरीही कोट्यवधींची कामे करणारे मंडळ लोकांच्या मनातून उतरले होते.

त्याच्या जागी थेट निवडून आलेली ‘लंडन काउंटी कौन्सिल’ आली. पहिली निवडणूक जानेवारी १८८९ मध्ये झाली आणि २१ मार्चला कौन्सिलने कारभार हाती घेतला. दोनच दिवसांनी वूलिचची फेरी सुरू झाली. काम बोर्डाचे होते, उद्घाटन मात्र कौन्सिलचे अध्यक्ष लॉर्ड रोझबेरी यांनी केले. बोर्डाबरोबर बॅझलजेटही निवृत्त झाले. त्यांना १८७४ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला होता आणि १८८४ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपद भूषवले होते. १५ मार्च १८९१ रोजी विम्बल्डन येथे त्यांचे निधन झाले. व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर १९०१ मध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले.

आज या योजनेचे काय झाले?

बॅझलजेट यांच्या वाहिन्या आजही वापरात आहेत. पण त्यांत सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकत्रच वाहते. जोराचा पाऊस आला की घरांत पाणी तुंबू नये म्हणून जादा पाणी नदीत सोडण्याची सोय मूळ रचनेतच होती. लोकसंख्या वाढली, मोकळी जमीन काँक्रीटखाली गेली आणि कधीतरी होणारा हा प्रकार नेहमीचा झाला. यावर उपाय म्हणून टेम्सच्या पात्राखालून २५ किलोमीटरचा नवा बोगदा खोदण्यात आला. त्याचे बांधकाम २०१६ मध्ये सुरू झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पूर्ण जोडला गेला. हे पाणी आता बेक्टनच्या प्रक्रिया केंद्रात जाते.

बॅझलजेट यांच्याआधीही लंडनमध्ये हुशार अभियंते होते आणि आराखडेही होते. नव्हती ती नदीइतकी मोठी हद्द असलेली संस्था, तिचे स्वतःचे उत्पन्न आणि अंतिम निर्णयाचा अधिकार. हे तिन्ही मिळाल्यावर साधारण १७ वर्षांत योजना उभी राहिली. बार्किंगच्या रहिवाशांना मात्र त्या संस्थेत आवाज नव्हता, म्हणून त्यांचे गाऱ्हाणे ऐकले जायला आणखी दीड दशक लागले.